साडेतीन सुतांचं दार

अमेरिकेत घर घेताना आपला मराठी माणूस काय काय बघतो, याची यादी ठरलेली आहे. शाळेचं रेटिंग बघतो, न्यूयॉर्कची गाडी पकडायचं स्टेशन किती लांब आहे ते बघतो, पोहे-शेंगदाणे मिळणारं दुकान किती जवळ आहे ते बघतो. ‘आम्ही वास्तुबिस्तु मानत नाही’ असं एजंटला सांगता सांगता खिशातल्या फोनवर पूर्व कुठे आहे तेही बघून घेतो. मग इन्स्पेक्टर येतो. तो छपरावर चढतो, बॉयलरच्या पोटात बॅटरी मारतो, तळघरात रेडॉन वायू मोजायला डबा ठेवून जातो आणि मागाहून सचित्र अहवाल धाडतो. त्या जाडजूड अहवालात कपाटांच्या दारांबद्दल एकच शब्द असतो: ‘चालू’. ते खोटंही नसतं. त्या दिवशी घर रिकामं असतं, कपाटं रिकामी असतात आणि दाराला हात लावणारा माणूस त्याचे पैसे घेऊन आलेला असतो. अशा परिस्थितीत कुठलंही दार चालतं.

मी म्हणतोय ते दार म्हणजे बायफोल्ड, दुमडतं दार. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनहाऊसमध्ये ते सगळीकडे आहे. बेडरूमच्या कपाटांना आहे, वॉशर-ड्रायरच्या कोनाड्याला आहे, खाली हॉलमध्ये कोट टांगायच्या कपाटाला आहे. दोन अरुंद फळ्या, त्यांना जोडणाऱ्या तीन बिजागऱ्या. चौकटीकडची फळी वर एक आणि खाली एक अशा दोन पिनांवर फिरते. दुसरी फळी डोक्यावरचं छोटं चाक रुळात घालून पहिलीच्या मागून येते. ओढलं की दोघी मधोमध दुमडून बाजूला उभ्या राहतात.

कल्पना वाईट नाही. तीस इंच रुंदीचं साधं दार उघडायला समोर तीस इंच जागा लागते, आणि किंग साइझ पलंग ठेवल्यावर इथल्या बेडरूममध्ये तेवढी उरत नाही. दुमडतं दार पंधरा इंचांत भागवतं. सरकतं दार त्याहूनही कमी जागा खातं, पण ते एका वेळी अर्धंच कपाट दाखवतं आणि हवा तो शर्ट हमखास दुसऱ्या अर्ध्यात असतो. शिवाय कपाट नसलेल्या खोलीला बेडरूम म्हणायला इथले एजंट कचरतात. त्यामुळे जेवढ्या बेडरूम तेवढी कपाटं, आणि जेवढी कपाटं तेवढी ही दारं.

अडचण एवढीच, की ज्याने हे दार शोधून काढलं त्याच्या डोळ्यांसमोर कपाटात कपडे ठेवणारी माणसं होती.

आमच्या कपाटात कपडेही असतात. पण त्यांच्याखाली बॅगा असतात, कारण भारतवारीला पुष्कळ तिकिटांवर माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा मिळतात आणि तो हक्क कुणी मराठी माणूस सोडत नाही. एका बॅगेत दुसरी, दुसरीत तिसरी, आणि तिसरीत आईने दिलेलं पण आम्ही कधी न वापरलेलं पुरणयंत्र. वरच्या फळीवर गणपतीचं मखर. त्याच्या बाजूला बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांतून आणलेल्या पिशव्या. मंडळ १९८१ साली स्थापन झालं आणि अधिवेशन दर दोन वर्षांनी होतं, त्यामुळे जुन्या सभासदांच्या कपाटात या पिशव्यांचे थर मोजून त्यांचं अमेरिकेतलं वास्तव्य सांगता येतं. हे सगळं आतून दाराला ढकलत असतं. बाहेरून आम्ही ढकलतो. आणि दाराची फळी आतून पोकळ असते. वर रंगवलेला हार्डबोर्ड, आत पुठ्ठ्याची जाळी, आणि कडेकडेने लाकडाच्या चार बारीक पट्ट्या. पिन बसते ती त्यातल्या खालच्या पट्टीत.

हे दार बिघडतं म्हणजे त्याची वरची पिन रुळातून निसटते. त्याआधी ते बरेच इशारे देतं. वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासतं. बंद केल्यावर खाली बोटभर फट आणि वर सुईभर, असं तिरकं उभं राहतं. कार्पेटवर एक चंद्रकोर उमटते. या काळात घरातली माणसं दाराशी जुळवून घेतात. ‘जरा उचलून ओढ’, ‘आधी गुडघा लाव’, ‘डावीकडून नको, डावीकडून चिडतं ते’ अशा सूचना पिढीजात ज्ञान म्हणून मुलांना दिल्या जातात. आमच्या मुलीला सात अधिक आठ करायच्या आधी ते दार बंद करता येत होतं.

पाहुण्यांना हे ज्ञान नसतं. हिवाळ्यातल्या शनिवारी पॉटलकला मंडळी येतात, प्रत्येकाच्या अंगावर उशीएवढा फुगलेला कोट असतो आणि यजमान ‘असू दे, मी ठेवतो’ म्हणेपर्यंत कुणीतरी कपाटाला हात घातलेला असतो. दाराची मूठ दिसायला बरी म्हणून पुढच्या फळीच्या मधोमध लावलेली असते. खरं तर हे दार घडीजवळ ओढलं तरच दुमडतं. पाहुणा मूठ धरतो, दार ऐकत नाही म्हटल्यावर मोकळी कड धरून आपल्याकडे खेचतो. मग टक्कन् आवाज होतो आणि एसटीत शेजारचा प्रवासी झोपेत आपल्या खांद्यावर मान टाकतो, तसं ते दार अलगद त्याच्या खांद्यावर येतं. पाहुण्याच्या एका हातात छोल्यांचं पातेलं, दुसऱ्या हातात कोट आणि खांद्यावर दार. अशा वेळी यजमानाने काय म्हणायचं याचं शास्त्र नाही. आमच्याकडे ‘हो हो, होतं त्याचं असं’ म्हणतात.

यानंतर पुरुषमंडळी दाराभोवती जमतात. बायका स्वयंपाकघरातच राहतात, कारण त्यांच्या घरी हेच दार आहे आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक आहे. जमलेले सगळे इंजिनियर. त्यांतले बरेचसे आता मॅनेजर, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर धरायला माणूस कमी आणि तो कसा धरावा हे सांगायला जास्त. एक जण म्हणतो, मूळ कारण शोधलं पाहिजे. दुसरा म्हणतो, मूळ कारण म्हणजे स्वस्त माल. तिसरा फोनवर नव्या दाराची किंमत बघून ती मोठ्याने वाचतो. चौथ्याने स्वतःकडची सगळी दारं काढून पडदे लावलेत आणि तो आता पडद्यांवर बोलतो. आणि हे सगळे, अपवाद नाही, माना वर करून रुळाकडे बघत असतात. दार वरून निसटलं ना? मग दुखणं वरच असणार. कुणीतरी पिन बोटाने दाबून बघतो. ती स्प्रिंगवर असते, खाली दबते आणि वर उसळते. म्हणजे पिन ठीक आहे. एक जण खुर्चीवर चढून फळी उचलतो, पिन दाबून रुळातल्या भोकात सोडतो, खटका बसतो. टाळ्या. जेवण. पुढच्या शनिवारी दार दुसऱ्याच्या खांद्यावर.

इंटरनेटवर याचे व्हिडिओ आहेत. त्यांतला माणूस चौकड्यांचा शर्ट घालून येतो, शांत बोलतो आणि चार मिनिटांत दार सरळ करून जातो. मी त्याला खोटारडा म्हणणार नाही. पण त्याच्या व्हिडिओतल्या तीन गोष्टींकडे माझं नेहमी लक्ष जातं. त्याच्या घरात कार्पेट नसतं. त्याचा स्क्रू ड्रायव्हर चुंबकाचा असतो, म्हणून स्क्रू कधी बॅगांमागे पडत नाही. आणि त्याचं कपाट रिकामं असतं! आत एक हँगर, बस. ज्याच्याकडे एक हँगर आहे त्याने दार लावावंच कशाला?

माणूस बोलावणं हा उपाय इथे चर्चेपुरता असतो. हॅण्डीमन घरात पाऊल टाकायचेच एवढे पैसे लावतो की त्यात नवं दार येतं. बरं, नवं आणलं तर ते बसवायला पुन्हा तोच. सांगलीत आमच्याकडे सुतार पैसे फार घेत नसे. तो ‘उद्या येतो’ म्हणे आणि त्याच्या उद्याला तारीख नसे. दोन्हीकडे दार तसंच राहतं, हिशेब तेवढा वेगळा.

शेजारी एक निवृत्त अमेरिकन आजोबा राहतात. त्यांच्या गॅरेजमध्ये काचेच्या बरण्यांत मापवार लावलेले स्क्रू आहेत, आमच्याकडे डाळी असतात तसे. त्यांनी निळ्या-पिवळ्या डब्याचा फवारा आणून दिला, डब्ल्यूडी-४०. हा माल १९५३ साली सॅन दिएगोमध्ये तयार झाला, तो ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. पाणी हटवणाऱ्या मिश्रणाचा चाळिसावा प्रयत्न जमला, म्हणून नावात चाळीस. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत दुरुस्तीचा पहिला उपाय हाच असतो, आणि पुष्कळदा शेवटचाही. आजोबांनी सोबत मंत्र दिला: ‘राइटी टाइटी, लेफ्टी लूसी.’ उजवीकडे फिरवलं की आवळतं, डावीकडे की सुटतं. मंत्र खरा आहे. फक्त या दाराची खालची पिन तळात उलटी बसलेली असते आणि आपण तिच्याकडे वरून वाकून बघत असतो, त्यामुळे आपली उजवी म्हणजे तिची डावी. घरोघरचे कर्ते पुरुष या जागी दोन मिनिटं हवेत बोट फिरवत उभे राहतात.

फवाऱ्याने दार दोन दिवस गप्प बसलं. तेल ओलं राहतं, त्यावर धूळ आणि कपड्यांची लव चिकटते आणि रुळात काळा लगदा होतो. रुळाला सिलिकॉनचा कोरडा फवारा मारावा, नाही तर नुसती मेणबत्ती घासावी. तीही पुरते.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले ते याच सुमारास. आईने दाराचा आवाज ऐकला आणि कुणाला न विचारता रुळाला खोबरेल तेल लावलं. आईच्या मते खोबरेल चालत नाही असा आजार नाही. सप्टेंबर होता, दार गुळगुळीत सरकलं, आईचा भाव वधारला. पण खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली थिजतं, आणि थंडीत आमचा थर्मोस्टॅट २० वर असतो, कारण गॅसचं बिल मी भरतो. नोव्हेंबरात एका सकाळी चाक रुळात पांढऱ्याशुभ्र तुपात बसल्यागत रुतून बसलं होतं. बायकोने हेअर ड्रायर लावून दार सोडवलं. आई म्हणाली, ‘तेल चांगलं आहे, हवा वाईट आहे.’

आईला मुळात हे दार पटलेलंच नव्हतं. तिच्या संसारात एकच कपाट, लग्नातलं, गोदरेजचं स्टोअरवेल. ही कपाटं १९२३ पासून बाजारात आहेत, आणि आमच्या गल्लीत तरी एकाही घरातलं मोडीत निघाल्याचं ऐकिवात नाही. दांडा खाली दाबला की दार उघडतं, वर ओढला की लागतं. आतल्या लॉकरची किल्ली साड्यांच्या तिसऱ्या घडीखाली, आणि हे गुपित कामवालीपासून आत्यापर्यंत सगळ्यांना माहीत. त्या कपाटाचं दार कधी सरळ करावं लागलं नाही. घर वाकडं झालं तरी ते सरळच राहिलं असतं. ‘पुठ्ठ्याची दारं लावायची आणि मग रडायचं,’ असा निकाल देऊन ती मैत्रिणींना व्हिडिओ कॉलवर ते पोकळ दार वाजवून दाखवत असे.

बाबांचं प्रकरण निराळं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला सुटली. तेव्हापासून तिचं दार एकाच पद्धतीने लागत आलंय, आणि ती पद्धत म्हणजे आपटणे. कंडक्टर दार आपटतो, ते लागत नाही, तो पुन्हा आपटतो, मग घंटी मारतो. दार आपटल्याचा आवाज आला नाही तर ते लागलंच नाही, अशी बाबांची धारणा. आमचं हे दुमडतं दार त्यांनी आल्या दिवसापासून त्याच तत्त्वावर चालवलं. ‘बाबा, हळू,’ असं सून म्हणे. ‘अगं, लागलं की नाही कळायला नको?’ असं बाबा म्हणत. आतलं मखर हादरे, आणि दार बंद राहावं म्हणून रुळातली स्प्रिंगची जी पट्टी त्याला धरून ठेवते, ती तर कधीच निखळून पडली होती.

शेवटी बाबांच्याच खांद्यावर ते दार आलं. त्यांनी ते शांतपणे भिंतीला टेकवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कार्पेटवर आडवे झाले. उताणे! आई घाबरून ‘अहो, काय होतंय?’ म्हणत धावली. काही होत नव्हतं. ज्या माणसाने सगळी नोकरी गाडीखाली झोपून केली, तो बिघाड म्हटलं की खालीच जाणार. पलीकडे आम्ही पदवीधर माना वर करून रूळ न्याहाळत होतो, आणि बाबांनी तळाचा ब्रॅकेट बोटाने हलवून दाखवला. खुळखुळत होता.

हे त्या दाराचं खरं मर्म, आणि ते माहीत नसल्यामुळे या देशात किती खुर्च्यांवर किती माणसं उगाच चढत असतील! त्या दाराचा सगळा भार खालच्या पिनवर असतो. वरचा रूळ काही पेलत नाही, तो दाराला फक्त वाट दाखवतो. खालची पिन एका इंग्रजी एलच्या आकाराच्या ब्रॅकेटमध्ये उभी असते. ब्रॅकेटचा एक पाय जमिनीला आणि एक चौकटीला स्क्रूने जखडलेला. जमिनीचा स्क्रू ढिला झाला की ब्रॅकेट सरकतो, दार थोडं कलतं आणि थोडं बसतं, आणि तेवढ्याने वरची पिन रुळातल्या भोकात पुरती पोचत नाही. मग तिला जरा धक्का लागला की ती बाहेर. आमचा ब्रॅकेट कुणीतरी कार्पेटच्या वरूनच ठोकला होता. कार्पेट दबत गेलं, स्क्रू सैल पडत गेला. बाकीचं काम आमच्या बॅगांनी, पाहुण्यांनी आणि एसटीच्या पद्धतीने केलं.

बाबांनी दुसरा दोषही काढला. खालची पिन झिजली होती आणि भोकात डुगडुगत होती. ‘नवी पिन आण,’ त्यांनी फर्मान काढलं.

आता ही पिन आणणं ही स्वतंत्र यात्रा आहे. इथल्या हार्डवेअरच्या दुकानाचा पसारा आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डाशी स्पर्धा करेल. त्यात दारांची गल्ली, दारांच्या गल्लीत बिजागऱ्यांची भिंत, भिंतीवर प्लॅस्टिकच्या पुडीत पिना. पुडीवर सगळं लिहिलेलं असतं, तुमच्या दाराला चालेल की नाही एवढं सोडून. कारण या पिना दोन जाडीत मिळतात, ३/८ इंच आणि ७/१६ इंच. दोहोंत फरक एक षोडशांश इंचाचा, म्हणजे दीड मिलिमीटरच्या किंचित वर. डोळ्याला दिसत नाही. ३/८ ची पिन ७/१६ च्या भोकात घातली तर छान जाते, फारच छान जाते, आणि दार लावलं की पुन्हा डुगडुगते.

मी नेमकी तशीच घेऊन आलो आणि बाबांना ही मापं मिलिमीटरमध्ये समजावून सांगू लागलो. साडेनऊ आणि अकरा. बाबांनी हात वर केला. ‘साडेतीन सूत म्हण की! जुनी साडेतीनची आहे, तू तीन सुताची आणलीस.’

इंचाचे आठ भाग, एका भागाला एक सूत. आपल्याकडे मेट्रिक पद्धत १९५८ पासून लागू होत गेली, पण सुताराच्या आणि फिटरच्या कानामागच्या पेन्सिलीला ते अजून पुरतं कळलेलं नाही. आजही आपल्याकडे प्लायवूड लांबी-रुंदीला आठ बाय चार फूट असतं आणि जाडीला १९ मिलिमीटर, आणि याचं कुणालाही काही वाटत नाही. अमेरिकेने इंच सोडलाच नाही. त्यामुळे एमएस केलेल्या मुलाला जी मापं कॅल्क्युलेटरवर करावी लागत होती, ती सांगलीहून आलेल्या बाबांना तोंडी येत होती. दुकानात पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी पुडी हातात घेऊन, उजेडाकडे धरून, ‘ही’ म्हटलं. बरोबर निघाली. पुढे त्यांनी दारांच्या गल्लीत मोजपट्टी मागून घेतली, ३६ इंच म्हणून विकायला ठेवलेलं दार मोजलं, ते साडेपस्तीस भरलं. ऐंशी इंच उंचीचं एकोणऐंशी. ‘वजनमापवाले येत नाहीत का इथे?’ असं त्यांनी विचारलं. तो अर्धा-एक इंच रूळ आणि फटीसाठी मुद्दाम कमी केलेला असतो, चौकट तेवढी असते, दार नाही. मी हे समजावलं. बाबांचा चेहरा दुधात पाणी आहे हे गवळ्याकडून ऐकल्यावर होतो तसाच राहिला.

दुरुस्ती मात्र बघण्यासारखी झाली. बॅगा, मखर, पिशव्या, सगळं बाहेर. पलंगावर जागा उरली नाही म्हणून पुरणयंत्र बाथटबमध्ये. बाबांनी जुन्या स्क्रूच्या भोकात लाकडी टूथपिक गोंदात बुडवून ठोकल्या आणि वरून सपाट कापल्या. ‘फेविकॉल आणला असता तर बरं झालं असतं,’ हे म्हणून झालं. इथला सुतारी गोंद पिवळा असतो, पण काम तेच करतो. ब्रॅकेटखालचं कार्पेट त्यांनी ब्लेडने चौकोनी कापून काढलं, तेव्हा सुनेचा श्वास अडकला. कापलेला तुकडा त्यांनी एसटीच्या नियमानुसार ‘स्पेअर’ म्हणून जपून ठेवायला दिला. तो आता त्याच कपाटात आहे.

मग दार चढवलं. आधी खालची पिन ब्रॅकेटच्या खाचेत, मग वरची पिन दाबून रुळात, शेवटी पुढच्या फळीचं चाक. दार वर चौकटीला घासत होतं. रुळातल्या वरच्या ब्रॅकेटचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला, ब्रॅकेट केसभर आत सरकवला, पुन्हा आवळला. खाली चौकटीकडची फट जास्त होती. दार किंचित उचलून खालची पिन पुढच्या खाचेत टाकली. उंची कमी वाटली. पिनला आटे असतात, ती पान्याने फिरवली की दार वर येतं. कुठल्या बाजूला फिरवायची यावर घरात दोन तट पडले. शेजारच्या आजोबांचा मंत्र एका बाजूला, आणि ‘फिरवून बघ, वर आलं तर बरोबर’ ही एसटीची पद्धत दुसऱ्या बाजूला. एसटी जिंकली.

दार एका बोटाने उघडू लागलं. आवाज नाही, हिसका नाही. बाबांनी ते तीनदा उघडून बंद केलं आणि चौथ्यांदा, सवयीने, आपटलं. दार टिकलं.

मग ही बातमी पसरली. पॉटलकच्या मंडळींकडून फोन येऊ लागले. बाबांना पुढचे कित्येक शनिवार-रविवार लोक गाडीतून घेऊन जात आणि जेवायला घालून परत आणून सोडत. प्रत्येक घरी तेच: यजमान खुर्ची पुढे करी, बाबा कार्पेटवर आडवे होत. एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत किती उच्चशिक्षित घरांतले ब्रॅकेट खुळखुळत होते ते बाबा सांगत नाहीत, ती व्यवसायाची गुप्तता. पडदेवाल्याने मात्र अजून दारं परत लावलेली नाहीत. त्याची दारं गॅरेजमध्ये आहेत आणि गॅरेजमध्ये गाडी मावत नाही.

माझं या दाराबद्दलचं मत विचाराल तर दार वाईट नाही, भित्रं आहे. त्याला बळ लावलं की ते पळून जातं. बिघडलं म्हणून फेकलेल्या दारांपैकी बरीचशी बिघडलेली नसतात, त्यांचा एखादा स्क्रू तेवढा सुटलेला असतो. खालची पट्टीच चिरली असेल तर त्यावर चढवायची पत्र्याची खोळ मिळते, तीही महाग नाही. नवं दार घ्यायची वेळ फार क्वचित येते, आणि आलीच तर घरी बाबा असताना येऊ देऊ नका.

तेव्हा तुमच्याकडचं दार निसटलं, तर खुर्ची आणू नका. कपाट रिकामं करा, खाली बसा, तळाचा ब्रॅकेट हलवून बघा. हलला तर स्क्रू काढून चांगला लांब, दीड इंची लावा. पुडीत सोबत येतात ते आखूड स्क्रू कार्पेटमधून जेमतेम खाली उतरतात, लाकडात पक्के रुतत नाहीत.